सोळा आणि सतराच्या मधली ओळ

१

तळवाडीच्या पाणीसंस्थेत कॉम्प्युटर आला तो सत्त्याण्णवच्या दसऱ्याला, आणि आल्या आल्या त्याला हळदकुंकू लागलं. चेअरमन हंबीररावांनी नारळ फोडला, थोडं पाणी की-बोर्डावर उडालं आणि शिवांजलीनं ओढणीच्या टोकानं ते घाईघाईनं टिपून घेतलं. त्या घडीपासून कॉम्प्युटर तिचा झाला. खोलीत यायचं तर चपला बाहेर, हा नियम तिनं पहिल्याच दिवशी लावला. धुळीनं मशीन बिघडतं असं सांगलीच्या क्लासात सांगितलं होतं. रानातून आलेले सभासद कुरकुरत का होईना, अनवाणी आत यायचे आणि पडद्याकडे बघत अदबीनं कोपऱ्यात उभे राहायचे.

शिवांजली बी.कॉम. झालेली, तेवीस वर्षांची. वडील मानसिंग पवार फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, आता ऊस करायचे. सगळे त्यांना आबा म्हणत. थोरला भाऊ जयराज त्यांच्या हाताखाली रान बघायचा आणि रोज सकाळी बहिणीला राजदूतवरून ऑफिसला सोडायचा. किक मारताना दातांच्या फटीतून शीळ घालायची त्याला खोड होती. चाल एकच. दोन ओळी पुऱ्या, तिसरी अर्ध्यात सोडून द्यायची. "दादा, पुढचं येत नसंल तर सुरूच कशाला करतोस?" असं ती रोज म्हणायची आणि तो रोज हसायचा.

नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर होती. पाळीपत्रक मशीनवर बिनचूक निघालं तर पोरगी कायम, नाहीतर मशीन आणि पोरगी दोन्ही घरी, असं हंबीररावांनी सभेत सांगून टाकलं होतं.

पाळीपत्रक म्हणजे संस्थेचा जीव. मोटारी कृष्णेचं पाणी माळावरच्या चेंबरमध्ये चढवायच्या, आणि तिथून ते पाटानं चौऱ्याऐंशी सभासदांच्या रानात पाळीपाळीनं जायचं. चौदा दिवसांचा फेरा. कुणी कोणत्या वारी, किती वाजता दारं धरून पाणी आपल्या रानात वळवायचं, ते त्या कागदावर. दर फेऱ्याला कुणाचा ऊस तुटायचा, कुणाचा मका वाढायचा, तास बदलायचे आणि कागद नव्यानं मांडावा लागायचा. एकतीस वर्षं तो भाऊसो कारकून हातानं लिहीत आले होते. दोन दिवस लागायचे.

भाऊसोंनी वही तिच्या हवाली केली. ती पान उलटत सोळा नंबरापाशी आली आणि थांबली.

"भाऊसो, हितं एक ओळ सुटलीया."

"सुटली न्हाई. सोडलीया."

सोळाव्याची पाळी बुधवारी दुपारी दोनला संपत होती. सतराव्याची तीनला सुरू होत होती. मध्ये एक ओळ कोरी. नंबर नाही, नाव नाही. तिनं मागचं पान बघितलं, त्याच्या मागचं बघितलं. बाकी तास बदलले तरी सगळीकडे तेच.

"मग दोन ते तीन पाणी कुणाचं?"

"कुणाचं न्हाई," भाऊसो म्हणाले आणि दाराकडे बघू लागले. दारात कोंडीबा पाटकरी तंबाखू मळत बसला होता. पाटाची दारं उघडायची-झाकायची हे त्याचं काम.

"मी त्या तासाला चेंबरकडं पाठ करून बसतो, ताई," तो म्हणाला. "माझा बा बी तसाच बसायचा. तीनला उठून बघावं तर चेंबर रिता. एक दार उघडं न्हाई, तरी रिता."

"गळती असंल कुठंतरी."

"आसंल," कोंडीबा म्हणाला. त्याला वाद घालायचा नव्हता.

शिवांजलीनं सहज त्या कोऱ्या ओळीवरून बोट फिरवलं. कागद खरबरीत लागला. वर-खालच्या ओळी गुळगुळीत होत्या. जुना कागद, दुसरं काय, असं म्हणून तिनं वही मिटली.

"टाइप करशील तवा ती ओळ तशीच मोकळी ठेव," भाऊसो उठता उठता म्हणाले. "तिच्याखाली सतराला हरणाबाई, अठराला तुझा भाऊ, एकोणीसला तुझा बा. तुझंच घर हाय, एवढं ध्यानात ठेव म्हंजे झालं."

म्हाताऱ्याची खुर्ची जाते आहे म्हणून जीव जळतोय, असं शिवांजलीला वाटलं. आणि त्यात तिची फार चूक होती असंही नाही.

२

दर शनिवारी ती एस.टी.नं सांगलीला जायची. विश्रामबागेत एका इमारतीच्या गच्चीवर पत्रे टाकून काढलेल्या खोलीत सुमंत सर चार कॉम्प्युटर आणि बारा पोरं सांभाळायचे. एक्सेलमधली बेरीज, सरासरी हे सगळं आधीच झालं होतं. दिवाळीच्या तोंडावर सरांनी मॅक्रो शिकवला, आणि शिवांजलीला त्याचं वेडच लागलं.

आपण एकदा करून दाखवायचं, मशीन लक्षात ठेवतं, आणि नंतर एक कळ दाबली की तेच सगळं आपसूक करतं. पुन्हा, पुन्हा, न कंटाळता. पहिल्यांदा तिनं नुसती एक ओळ ठळक करायचा मॅक्रो केला आणि तो चाळीस वेळा चालवला. शेजारची मुलगी हसायला लागली, तरी हिचं आपलं चालूच. मग सरांनी आतली पानं उघडून दाखवली. मॅक्रोच्या पोटात लिहिलेल्या साध्या आज्ञा. इफ आणि देन. असं असेल तर तसं कर. फॉर आणि नेक्स्ट. एक झालं की पुढचं घे. शिवांजलीला वाटलं, आपल्याला आजवर कुणी हे सांगितलं कसं नाही?

पाळीपत्रक तिनं तसंच मांडलं होतं. प्रत्येकाची सुरुवात म्हणजे वरच्याचा शेवट, एवढं सूत्र लिहिलं की सगळ्यांच्या वेळा आपोआप. सोळापर्यंत झकास जमलं. मग ती कोरी ओळ. तिच्यात शेवटाची वेळच नाही, म्हणून मशीननं शून्य धरलं, आणि सतरापासून खालच्या अडुसष्ट जणांचं गणित रात्री बारापासून सुरू झालं. पडद्यावर अख्खा गाव अंधारात दारं धरायला निघाला.

"रिकामी ओळ म्हणजे कचरा," सुमंत सर म्हणाले. "आधी साफसफाई, मग गणित. लिही. खण रिकामा दिसला तर ओळ पुसून टाक."

आणि मग त्यांनी तो स्टुलांचा खेळ केला. सहा स्टुलं ओळीनं मांडली, सहा जणांना बसवलं. तिसऱ्याला उठवून बाहेर काढलं. खालचे सगळे एकेक जागा वर सरकले.

"बघा. पुसलेल्या ओळीची जागा रिकामी राहत नाही. खालचा वर सरकतो आणि बरोब्बर त्याच जागेवर बसतो. कुणी बसला म्हणून ती जागा बदलत नाही. हे ज्याला कळलं त्याला प्रोग्रॅमिंग कळलं."

परतीच्या एस.टी.त मांडीवर वही ठेवून तिनं अख्खा मॅक्रो लिहून काढला. पलूसच्या स्टँडवर गाडी थांबलेलीही तिला कळली नाही. सोमवारी उजाडताच ऑफिस उघडलं, आज्ञा टाइप केल्या, दोन चुका काढल्या आणि कळ दाबली. पडदा क्षणभर थरथरला. ओळी वर सरकल्या, वेळा भराभर बदलल्या आणि चौऱ्याऐंशी नावं, एकाखाली एक, बिनफटीची, समोर उभी राहिली. तळाशी तिनं मोजदादीचं सूत्र घातलं होतं. एकूण सभासद चौऱ्याऐंशी. रिकाम्या खोलीत शिवांजलीनं टाळ्या वाजवल्या. तिला इतका आनंद बी.कॉम.च्या निकालालाही झाला नव्हता.

"दोन दिवसांचं काम तू किती येळात केलंस?" जयराजनं प्रिंटरमधून निघणारा लांबच लांब कागद धरत विचारलं.

"चहा गार व्हायच्या आत."

"लय भारी गड्या. पण भाऊसोंची ती मोकळी ओळ?"

"कचरा होता. काढला."

हंबीररावांना बुधवारचा एक तास वाचला याचंच अप्रूप. कागद फलकावर लागला आणि दुपारी हरणाबाई आली. एकट्या बाईचं अर्ध्या एकराचं मिरचीचं रान. तिनं चपला बाहेर काढल्या, पदर सावरला.

"माझी पाळी तीनची हुती न्हवं बाय?"

"आता दोनला. एक तास आधी, मावशी. लवकर मोकळ्या व्हाल."

"बरं केलंस. ऊन असतंय, पन बरं केलंस," हरणाबाई म्हणाली आणि उकडलेल्या शेंगांचा स्टीलचा डबा टेबलावर ठेवून गेली. झाकणावर तिचं नाव घातलेलं होतं. शिवांजलीनं शेंगा खाल्ल्या, डबा घासून ठेवला. बुधवारी परत नेईल म्हणाली होती.

३

दुसऱ्या फेऱ्याचं पत्रक काढायला शिवांजली बसली तेव्हा तिच्या डोक्यात नव्या कल्पनांची नुसती झुंबड उडाली होती. वारांना रंग द्यायचे. वरच्या बाजूला संस्थेचं नाव आपोआप यायला हवं. आणि पडद्यावर एक बटण, ते दाबलं की सगळं व्हावं. बटणाचं तर तिला स्वप्न पडलं होतं. अकरा वाजेपर्यंत बटण झालं. तिनं ते दाबलं, आणि तळाशी आकडा आला. त्र्याऐंशी.

तिनं पुन्हा दाबलं. त्र्याऐंशीच.

चूक आपली असणार, हे तिनं लगेच मान्य केलं. मशीन चुकत नाही, माणूस चुकतो, हे सरांचं वाक्य. पण यादीत कुणी गळल्याचं दिसेना. एकापासून त्र्याऐंशीपर्यंत नंबर सलग, वेळा सलग. तिनं मागच्या फेऱ्याचा कागद फलकावरून काढून आणला. त्यात सतराव्या ओळीत नंबर होता, वार होता, दोन ते तीन अशी वेळ होती. नाव नव्हतं.

रिबन वाळली असेल, असं तिनं ठरवलं. मग प्रश्न उरला की तिथे होतं कोण. तिनं आठवून बघितलं. सोळावे कोण ते आठवलं, अठराला दादा हे तर पाठच होतं. मधलं काही येईना.

"कोंडीबा, मागच्या फेऱ्यात बुधवारी दोनला पाणी कुणाला दिलंत?"

कोंडीबानं डोकं खाजवलं. "त्या तासाला मला सवय न्हाई न्हवं उठायची. कागद बघितला, दार उघडलं आन परत पाठ करून बसलो."

"दार कुठलं उघडलंत?"

"त्या मिरचीच्या रानाचं. ते तर पडीक हाय. कशाला उघडलं कुणाला ठावं."

पडीक रानात मिरची लाल होऊन उभी होती. येता-जाता ती शिवांजलीनं स्वतः बघितली होती. पण कुणी लावली, हे तिच्या मनात आलं नाही. मनात आला तो टेबलावरचा स्टीलचा डबा. हा कुणाचा? झाकणावर, नाव घालतात त्या जागी, पत्रा गुळगुळीत होता. तिनं त्यात टाचण्या ठेवायला सुरुवात केली.

मूळ यादीतच त्र्याऐंशी असतील, भाऊसोंनी वर्षानुवर्षं एक आकडा जास्त धरला असेल, असा निकाल लावून तिनं पत्रक छापलं. तेवढ्यात जयराज आला, आणि कागद वाचून खूश झाला.

"मी सतरावा झालो की. बुधवारी दोनला. जेवलो की थेट रानात."

"बघ, तुझी सोय केली."

"सोय कसली? भर उन्हात उभं करतीयास भावाला," तो म्हणाला, आणि तिच्या डोक्यावर टपली मारून बटण दाबून बघितलं. त्यालाही ते पुन्हा पुन्हा दाबावंसं वाटलं. दोघांनी मिळून ते सात-आठ वेळा दाबलं. ओळी पळायच्या, थांबायच्या, आणि ही दोघं लहान मुलांसारखी हसायची.

बुधवारी जेवण झाल्यावर जयराजनं खोरं खांद्यावर टाकलं. जवळच तर जायचं म्हणून राजदूत अंगणातच ठेवली. त्याची शीळ पाटाच्या वळणापर्यंत ऐकू येत होती. दोन ओळी पुऱ्या, तिसरी अर्धी.

४

मानसिंग पवारांच्या घरात माणसं तीन. आबा, आई चंद्राबाई आणि शिवांजली. एकुलती एक पोर म्हणून तिचे लाड झाले, असं गाव म्हणायचं, आणि ते खरं होतं. ती रोज सकाळी चालत ऑफिसला जायची. अर्ध्या तासाची वाट, पण तिला सवय होती.

अंगणात एक राजदूत उभी होती. आबांना मोटरसायकल येत नव्हती, शिवांजलीला तर नाहीच. फौजेच्या कँटीनमधून सवलतीत मिळाली म्हणून घेतली असेल, असं आबा म्हणाले, पण सांगताना त्यांचा चेहरा कुठेतरी अडल्यासारखा झाला. दर रविवारी ते ती पुसायचे. आणि आई जेवायला चार ताटं घ्यायची, चौथ्याकडे बघत राहायची, आणि "माझं डोकंच ठिकाणावर न्हाई बघ" म्हणत ते परत मांडणीवर लावायची.

शिवांजलीचं लक्ष कुठे होतं? मशीनमध्ये. तिसऱ्या फेऱ्याचं पत्रक तिनं सोमवारी सकाळी चहा प्यायच्या आधीच काढून फलकावर लावलं. हंबीररावांनी शेजारच्या गावच्या चेअरमनला मुद्दाम बोलावून ते बटण दाखवलं. आता वार्षिक सभेसाठी तिन्ही फेऱ्यांचा गोषवारा करायचा होता. बुधवारी दुपारी, डबा खाऊन झाल्यावर, तिनं तिन्ही पत्रकं फरशीवर शेजारी शेजारी पसरली आणि तळाचे आकडे उतरवून घ्यायला लागली.

चौऱ्याऐंशी. त्र्याऐंशी. ब्याऐंशी.

तिचा हात थांबला.

पहिल्या कागदावर सतराव्या ओळीत नाव नव्हतं. दुसऱ्या कागदावर सतराव्या ओळीत नाव नव्हतं. वेळ दोन्हीकडे तीच. बुधवार, दुपारी दोन. रिबन वाळते, पण दोनदा एकाच ओळीवर वाळते? आणि शेजारच्या ओळी काळ्याभोर राहतात?

बाहेर एक होला घुमत होता. पंख्याचं पातं जाळीला लागून टकटक वाजत होतं. शिवांजली फरशीवर बसून राहिली आणि तिला ती स्टुलं आठवली. पुसलेल्या ओळीची जागा रिकामी राहत नाही. खालचा वर सरकतो आणि बरोब्बर त्याच जागेवर बसतो. कुणी बसला म्हणून ती जागा बदलत नाही.

ओळ आपण पुसली. जागा पुसली नाही.

भाऊसो काय म्हणाले होते? तिच्याखाली तुझंच घर हाय. सतराला अमुक, अठराला अमुक, एकोणीसला तुझा बा. तीन नावं घेतली होती त्यांनी, हे तिला पक्कं आठवत होतं. बोटं तीन मोडली होती. पण कानात उरलं होतं ते एकच, शेवटचं.

तिनं तिसऱ्या कागदावर बोट ठेवलं. सतरा. मानसिंग पवार. बुधवार, दुपारी दोन.

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

५

पळत जाऊन आबांना अडवावं, हा पहिला विचार. पण तिला आपला बाप ठाऊक होता. कागदावर लिहिलेली पाळी सुभेदार मानसिंग चुकवणार नाहीत, आणि कोंडीबा कागदाबाहेर दार झाकणार नाही. हे काम कागदानंच व्हायला हवं होतं.

ती खुर्चीवर बसली. भीती वाटत होती, खूप वाटत होती, आणि तरी हात की-बोर्डावर पडताच डोकं लख्ख झालं. ओळ घालायची आज्ञा तिला येत होती. सोळा आणि सतराच्या मध्ये एक ओळ. मग ते सूत्र पुन्हा शून्य धरणार, सगळा गाव पुन्हा रात्री बाराला. म्हणजे वेगळं लिहायला हवं. वरचा खण रिकामा असेल तर त्याच्याही वरचा शेवट घे आणि त्यात एक तास मिळव. इफ, देन, एल्स. हे तिला क्लासात कुणी शिकवलं नव्हतं. तिचं तिनंच काढलं. पहिल्या वेळी चुकलं, कंस राहिला होता. दुसऱ्या वेळी पडदा थरथरला, ओळी खाली सरकल्या, फट पडली, आणि मानसिंग पवारांच्या पुढे तीन वाजले. शिवांजलीच्या तोंडून आनंदाचा हुंकार निघाला. तशा वेळीसुद्धा.

साफसफाईचा भाग तिनं पुसून टाकला आणि छपाई सुरू केली.

प्रिंटर आपल्या नेहमीच्या करकर आवाजात ओळीमागून ओळ मारत चालला. चौदा, पंधरा, सोळा. मग कोऱ्या ओळीवर तो झरकन पुढे सरकायला हवा होता. सरकला नाही. त्याचं डोकं त्या ओळीवरून डावीकडून उजवीकडे गेलं, करकरत, एका नावाएवढं. परत आलं. पुन्हा गेलं. पुन्हा आलं. कागद कोराच होता. शिवांजलीनं टेबलाची कड घट्ट धरली होती. कितीदा गेलं ते तिनं मोजलं नाही. मग एकदाची सतरावी ओळ आली आणि बाकीचं भराभर उरकलं.

कागद फाडून ती धावत सुटली. चपला घालायचं तिला भान नव्हतं.

माळावर चेंबर म्हणजे सिमेंटचा चौकोनी हौद, चारी बाजूंना लोखंडी दारं. कोंडीबा दाराच्या चाकाला हात लावून उभा होता. आबा खोरं घेऊन पाटाच्या कडेनं वर येत होते, ताठ, एकसारखी पावलं टाकत.

"कोंडीबा, थांबा. कागद बदललाय."

कोंडीबानं कागद घेतला. ती फट बघितली. त्यानं चाक सोडलं, आणि त्याचा चेहरा असा सैल पडला की तिला त्याची दया आली.

"आबा, तुमची पाळी तीनला हाय. मशीनची चूक हुती. माझी चूक हुती."

आबांनी कागद दोनदा वाचला. "तीन म्हंजे तीन," ते म्हणाले. "मग तासभर काय करायचं?"

"बसायचं," कोंडीबा म्हणाला. "हिकडं तोंड करून. मागं बघायचं न्हाई."

तिघं ओळीनं बसले. समोर खाली कृष्णेचं वळण, त्यापलीकडे उसाचं हिरवं. ऊन रखरखत होतं. दोन वाजले असतील, कारण मागे पाणी हललं.

आधी नुसता डुबुक आवाज. मग पाणी कुठेतरी धो धो जायला लागलं, आणि एकही चाक फिरलेलं नव्हतं. शिवांजलीनं स्वतःला सांगितलं, गळती आहे. मग खोऱ्यानं माती ओढल्याचा आवाज आला. एकाचा नव्हे, बऱ्याच जणांचा. कुणाच्या तरी हातात काकणं होती. चिखलातून पावलं जवळ आली, थांबली, दुसरीकडे गेली. दारं धरणारी माणसं करतात तसंच सगळं, बोलणं तेवढं नाही.

आणि मग कुणीतरी शीळ घातली.

दातांच्या फटीतून, मजेत. एक ओळ पुरी. दुसरी पुरी. तिसरी सुरू झाली आणि अर्ध्यात थांबली.

ही चाल शिवांजलीनं कधी ऐकली नव्हती. तसं ती शपथेवर सांगू शकली असती. पण तिच्या ओठांवर आलं होतं, पुढचं येत नसंल तर सुरूच कशाला करतोस. आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, थांबता थांबत नव्हतं. मान वळवायची, एवढंच करायचं होतं. तिचा हात आबांच्या हातावर पडला. आबांनी तो घट्ट धरून ठेवला.

"वारा हाय," आबा म्हणाले, समोर बघत.

पान हलत नव्हतं.

तीन वाजता कोंडीबा उठला. चेंबर तळापर्यंत रिता होता, आणि ओल्या तळावर ऊन चमकत होतं.

६

शिवांजली कायम झाली. हंबीररावांनी सभेत त्या वाया जाणाऱ्या तासाबद्दल विचारलं. तिनं उभं राहून सांगितलं की त्या ओळीशिवाय प्रोग्रॅम चालत नाही. मागच्या रांगेत बसलेल्या भाऊसोंनी मान खाली घातली. पेढे वाटले गेले. खुशी तिला खरोखरच झाली, आणि मॅक्रोच्या डोक्यावर, माणसांनी वाचायच्या जागी, तिनं एक सूचना लिहून ठेवली. ही ओळ पुसू नये.

जुने दोन कागद तिनं फेकले नव्हते. एका रविवारी दुपारी ते घरी आणून, ओसरीवर बसून, तिनं पहिल्याच्या सतराव्या ओळीवर बोट फिरवलं. खरबरीत लागलं. वहीत लागलं होतं तसंच. प्रिंटरच्या पिना आपटल्या होत्या, शाई तेवढी नव्हती. शाळेत नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात, तशी तिनं हलक्या हातानं पेन्सिल घासली. राखाडीतून पांढरी अक्षरं वर आली. हरणाबाई. ती नाव वाचत राहिली. ओळखीचं कुणी डोळ्यांसमोर येईना, फक्त उकडलेल्या शेंगांचा वास आला.

दुसऱ्या कागदावर नाव मोठं होतं. तिनं सावकाश पेन्सिल चालवली.

जयराज मानसिंग पवार.

आत आई जेवणाची ताटं घेत होती. अंगणात आबा, दर रविवारसारखे, फडक्यानं राजदूतची टाकी पुसत होते.

"आबा," ती म्हणाली. "जयराज कोण?"

आबांचा हात टाकीवर थांबला. घरात ताटाचा आवाजही थांबला.

"ठावं न्हाई बा," आबा म्हणाले. "का गं?"

तिनं कागद त्यांच्या हातात दिला. आबांनी तो उन्हात धरून वाचला, आपल्या नावापाशी अडखळले, पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग नीट घडी घालून, खिशाचं बटण लावून, छातीशी ठेवला. आतून आई चार ताटं घेऊन बाहेर आली. तिनं ती चारही मांडली, आणि या वेळी चौथं परत नेलं नाही.